मुलगी हस्की मागतेय, आम्ही राहतो जळगावात. पिल्लू घ्यायच्या आधी काय काय बघू?

वरणबट्टी_जळगाव
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, दोन वर्षांपासून कुत्रं पाहिजे कुत्रं पाहिजे चाललंय आणि आता रील बघून बघून हस्कीवर गाडी अडलीय. आम्ही दोघं नोकरीवाले, सासूबाई घरी असतात, तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, पश्चिमेची गॅलरी. इंदूरचा एक जण ऑनलाइन भेटला, बावीस हजार म्हणतोय, निळे डोळे, डबल कोट, चँपियन लाइन, पेपरचे पाच हजार वेगळे, आणि पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो म्हणे सकाळी स्टँडवर येऊन घ्या. पिल्लू चाळीस दिवसांचं आहे. फोटो तर एकदम गोड आहे. निम्मे पैसे आज टाकले तर बुकिंग नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे असं म्हणतोय. मला कुत्र्यातलं काहीच कळत नाही, माहेरी फक्त गल्लीतला मोत्या होता तो पण कोणाचा होता देव जाणे. काय करू?

तापीकाठचा
हस्की? आठे? ताई, मे महिनामा आठे चिडी बी सावली धरीसन बठस. त्या कुत्रानी असं काय पाप करं? पोरले सांगा फ्रिजमा ठेवनं पडी.

नवतपा_भुसावळ
वरच्या भाऊंनी गंमत केली पण खरं तेच आहे. माझ्या चुलतभावाने घेतली होती हस्की, भुसावळला. पहिले चार महिने गल्लीतली पोरं फोटो काढायला यायची, नुसती जत्रा. मग मार्च लागला. तिच्यासाठी एका खोलीत एसी, ती खोली म्हणजे तिचीच झाली, आम्ही लोक हॉलमध्ये कूलरसमोर. लाइट गेली की भावाची धावपळ, इन्व्हर्टरवर एसी कुठे चालतो. फिरवायला पहाटे साडेचार आणि रात्री दहानंतर कारण बाकी वेळ डांबरावर पाय ठेवता येत नाही (हाताचा पालथा पंजा रस्त्यावर ठेवून पाहा दहा सेकंद, नाही ठेवता आला तर कुत्र्यालाही नाही). आणि ही जात सैबेरियातली, बर्फात मैलोन्‌मैल गाडी ओढायला तयार केलेली, तिला बंद खोलीत एसीत बसवलं की ती काय करणार, सोफा फाडला, गाद्या फाडल्या, रात्रभर कोल्ह्यासारखी ओरडायची. शेवटी नाशिककडच्या मित्राच्या फार्महाउसवर दिली. भावाची पोरगी आठवडाभर जेवली नव्हती. तेव्हा एकदा घरात आणून मग देऊन टाकणं हे मुलांना न आणण्यापेक्षा जास्त लागतं.

गुरांचा_डॉक्टर
मी चोपडा भागात प्रॅक्टिस करतो, मुख्यतः गाई म्हशी बकऱ्या, पण गेल्या काही वर्षांत कुत्रीही बरीच येतात म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आधी पैसे टाकू नका. "दुसरी पार्टी" ही कायम तयारच असते.

चाळीस दिवसांचं पिल्लू विकणं हेच मुळात नियमाबाहेर आहे. २०१७ चे कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे केंद्राचे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, म्हणजे छप्पन्न दिवस. ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला लावायची नाही, वर्षाला एकच वेत, आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाही. किती लोक पाळतात ते सोडा, पण तुम्ही नोंदणी नंबर विचारला की समोरचा काय उत्तर देतो त्यावरून माणूस कळतो. आणि आठ आठवड्यांची भानगड नुसती कागदी नाही हो. आईजवळ आणि भावंडांत खेळता खेळता पिल्लू शिकतं की किती जोरात चावलं तर समोरचा केकाटतो. लवकर तोडलेली पिल्लं पुढे हात चावतात आणि मग आमच्याकडे येतात "डॉक्टर हा फार चावतो, इंजेक्शन द्या". कसलं इंजेक्शन देऊ?

उष्णतेचं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, थोडाफार पंजाच्या गादीला येतो तेवढाच, बाकी सगळा कारभार जिभेवर आणि धापा टाकण्यावर. त्याचं नॉर्मल अंगच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. बाहेर ४५ सेल्सिअस झालं की धापा टाकूनसुद्धा गरमी बाहेर जात नाही, अंग १०६ फॅरेनहाइटच्या वर गेलं की आतले अवयव बसायला लागतात. हस्कीचं सगळ्यांना कळतं कारण केस दिसतात, पण माझ्याकडे उन्हाळ्यात सगळ्यात वाईट अवस्थेत येतात ते पग. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग, ज्यांचं नाक चपटं आहे ते सगळे. नाकच नाही तर हवा थंड कुठे होणार, आणि तोंडाच्या मागचा मऊ टाळू श्वासाच्या वाटेत लोंबतो. लोकांना ते घोरणं क्यूट वाटतं. ते घोरणं म्हणजे त्याला श्वास पुरत नाही आहे. असं कुत्रं कधी कोसळलं तर आधी साध्या पाण्याने अंग भिजवा, फॅन लावा, थंड करायला लागा आणि मग गाडीत घाला. उलटं करतात लोक, बंद गाडीत तासभर आणतात तोपर्यंत संपलेलं असतं.

राहिलं पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार, ते रात्री लिहितो, एक म्हैस अडलीय.

वरणबट्टी_जळगाव
बाप रे. पैसे नाही टाकले. डॉक्टरसाहेब म्हशीचं बघा आधी 🙏

हेवीबोन_केनेल
मी स्वतः लहान ब्रीडर आहे, जर्मन शेफर्ड, दोन माद्या. इथे नेहमीप्रमाणे सगळे ब्रीडर चोर असं चालू होणार म्हणून आधीच सांगतो, सगळे नसतात. पण पेपरवरून लोक फसतात ते खरं आहे म्हणून समजावतो.

पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं, चेन्नईला ऑफिस आहे त्यांचं, सर्टिफिकेट. त्यात कुत्र्याचं नाव, जन्मतारीख, आई बाप आणि मागच्या पिढ्या, आणि मायक्रोचिप नंबर. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली, नंबर पंधरा आकडी. स्कॅनर फिरवला की नंबर दिसतो, तो पेपरवरच्या नंबरशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर तो पेपर दुसऱ्याच कुत्र्याचा आहे, असे पेपर फिरतात. आणि लसीच्या कार्डाला पेपर म्हणणारे महाभाग पण आहेत. नंतर पेपर तुमच्या नावावर ट्रान्सफर करून घ्यावा लागतो, नाहीतर कुत्रं तुमच्या घरी आणि मालक कागदावर तिसराच. "पेपरचे पाच हजार वेगळे" म्हणजे पेपर नसलेलंच समजा, लिटर, म्हणजे त्या वेतातली सगळी पिल्लं, रजिस्टर असेल तर आहे, नसेल तर नाही, त्यात वेगळे कसले.

अजून एक, पेपर हातात आला की आईच्या बाजूची आणि बापाच्या बाजूची नावं वाचा. एकच नाव दोन्हीकडे दिसत असेल तर नात्यातलं लग्न आहे. शो वाले मुद्दाम करतात, पण आजार पण तसेच दुप्पट होऊन येतात.

आणि विकणारे सांगतात ती डबल बोन, ट्रिपल कोट असली काही जात नसते. (माझं युजरनेम बघून हसू नका, तेव्हा मी पण नवीन होतो.)

कळण्याची_भाकर
@हेवीबोन दादा राग मानू नका पण पेपर असला तरी कुत्रं निरोगी आहे हे कुठे लिहिलंय त्यात? खानदान कळतं, तब्येत नाही. लग्नाच्या बायोडाटासारखं झालं.

हेवीबोन_केनेल
बरोबर आहे ताई, मान्य. म्हणून जर्मन किंवा लॅब (लॅब्राडोर) घेताना आई बापाच्या कंबरेचा एक्स-रे विचारायचा. हिप डिस्प्लेशिया, खुब्याची वाटी उथळ असते, गोळा नीट बसत नाही, पिल्लू सहा आठ महिन्यांचं झालं की सशासारखं दोन्ही मागचे पाय एकदम उचलून पळतं, जिना चढत नाही. आता आपल्याकडे किती लोक हा एक्स-रे काढतात, फार थोडे. मी काढलाय. म्हणून माझं पिल्लू महाग आहे आणि म्हणून लोक माझ्याकडून न घेता इंदूरच्या ट्रॅव्हल्समधून मागवतात, असं आहे ते.

गुरांचा_डॉक्टर
म्हैस सुटली, पारडी आहे. पुढे.

पार्व्हो. रक्ताची हगवण, उलट्या, एक विशिष्ट वास येतो, आमच्या नाकाला दारातच कळतो. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत तीन ते सात दिवस लागतात साधारण, म्हणजे विकताना पिल्लू उड्या मारत असतं आणि तुमच्या घरी चौथ्या दिवशी आडवं. विकणारा म्हणतो माझ्याकडे तर ठणठणीत होतं, आणि त्यात तो खोटंही बोलत नसतो कधीकधी. लस पहिली सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. एकदा दिली की झालं असं का नाही तर आईच्या दुधातून आलेली ताकद लसीलाच मारते, आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यायची. रेबीजची तीन महिन्यांनंतर. तर चाळीस दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर तीन लसी दिसल्या तर कार्ड दुकानात भरलंय. लसीच्या बाटलीचं स्टिकर कार्डावर चिकटवलेलं असतं, बॅच नंबर, डॉक्टरचा शिक्का रजिस्ट्रेशन नंबरसकट, हे बघा.

आणि घरात आधी पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर फिनाईलने पुसून काही होत नाही, हा विषाणू फिनाईलला दाद देत नाही, पाण्यात पातळ केलेलं ब्लीच लागतं. अंगणातल्या मातीत तर तो महिनोन्‌महिने राहतो.

धुळ्याची_माई
डॉक्टर तुम्ही लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. आमचं अगदी असंच झालं, मी नाव घेत नाही कोणाचं. बीगल मागवलं होतं, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलं, केळीच्या खोक्यात, खोक्याला भोकं पाडलेली. रात्रभर डिकीत. सकाळी धुळ्याच्या बायपासला यजमान आणायला गेले तर पिल्लू ओलं, थरथरतंय, ड्रायव्हर म्हणे सही करा. पाचव्या दिवशी सुरू झालं. आमच्या इथल्या डॉक्टरांनी तीन दिवस सलाईन लावलं, मांडीवर घेऊन बसायचे मी बाटली धरून. सातव्या दिवशी गेलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो "तुम्ही दूध पाजलं असेल", मग ब्लॉक. चौदा हजार पिल्लाचे आणि नऊ औषधाचे. पैशाचं नाही हो, पण मुलगा अजून बीगल दिसलं रस्त्यात की तोंड फिरवतो.

एक सांगते, पिल्लू बघायला स्वतः जा. कितीही लांब असू दे. आई दाखव म्हणावं. बाप दुसरीकडे असू शकतो, तो भाड्याने बोलावतात, पण पिल्लाची आई तिथे नाही असं होऊच शकत नाही. आई नसेल तर ते दुकान आहे, घर नाही.

रावेरचा_केळीवाला
सगळे घरातल्या कुत्र्याचं बोलताय, मी मळ्यातलं सांगतो. मोटर आणि केबल चोरीला कंटाळून मी रॉटवायलर घेतला. लोकांना वाटतं पाटी लावली कुत्र्यापासून सावध की झालं. पण मळ्यात राहतो कोण, सालदार. मी आठवड्यातून तीनदा जाणार. कुत्रं सालदाराचं झालं, बरोबर आहे त्याचं, भाकर तो टाकतो. दिवाळीनंतर सालदार बदलला आणि नव्याला ते मळ्यात पाऊल ठेवू देईना. दोन दिवस पाणी भरायचं थांबलं. असं ताकदीचं कुत्रं एका माणसाच्या हातात लहानपणापासून वाढावं लागतं, रोज, नुसतं साखळीला बांधून ठेवलं की ते वेडं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने पत्र काढलं होतं ना तेवीस जातींवर बंदीचं, पिटबुल रॉटवायलर वगैरे, तेव्हा मी घाबरलो होतो, मग कर्नाटक हायकोर्टाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं. पण कायदा काही असो, चावला तर गावात तोंड मलाच दाखवायचंय.

आणि सातपुड्याच्या कडेला ज्यांचे मळे आहेत त्यांनी बिबट्याचं लक्षात ठेवा. बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. रात्री पिंजऱ्यात किंवा खोलीत घ्या, मग ते पन्नास हजाराचं असो की गावठी.

आता माझ्याकडे कारवान आहे, सडपातळ, लांब तोंडाचा, लोक म्हणतात याला खायला देत नाही का. आपल्या दख्खनचीच जात, कर्नाटकात मुधोळ म्हणतात, २००५ ला पोस्टाने तिकीट काढलं होतं यावर. उन्हात सावली शोधून पडतो आणि संध्याकाळी वाऱ्यासारखा पळतो. पण फ्लॅटमध्ये नका घेऊ, आणि शेजारी कोंबड्या असतील तर भांडणाची तयारी ठेवा.

प्राणीमित्र_अमळनेर
एवढे पैसे घालण्यापेक्षा गावठी दत्तक घ्या ना! रस्त्यावर हजारो उपाशी आहेत आणि तुम्ही जाती शोधताय. लाज वाटली पाहिजे.

कळण्याची_भाकर
झालं सुरू. लाज वाटायला लावून कोणी कुत्रं पाळत नाही हो दादा. माझ्याकडे दोन गावठी आहेत, गुणाची आहेत, डॉक्टरकडे फक्त लसीला जातात, उन्हाळ्यात टाकीखाली ओल्या जागेत पडून राहतात. हे सांगा ना, ऐकतील लोक. पण गावठी आणायचं तर त्याचंही सोळा आठवडे लसीकरण, जंताचं औषध, नसबंदी, सगळं तेच आहे, फुकट काही नाही.

प्राणीमित्र_अमळनेर
ठीक आहे, लाज शब्द मागे घेतो. बाकी मत तेच.

वरणबट्टी_जळगाव
हस्की रद्द, मुलीला रस्त्यावर हात ठेवायला लावला दुपारी दोनला, तीन सेकंदात उचलला आणि आत जाऊन रडली. आता लॅब म्हणतेय. लॅब चालेल का इथे? सगळ्यांकडे तर लॅबच दिसतो.

नवतपा_भुसावळ
लॅब पण थंड पाण्याचंच कुत्रं, न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडचं, जाळी ओढायला. आतून दाट केस असतात त्याला पण. पण हस्कीपेक्षा निभतं. मोठा त्रास खाण्याचा.

शेवभाजी_चाळीसगाव
खाण्याचं मी सांगते, माझा लॅब ४४ किलोचा आहे 😔 आमच्याकडे पाहुणे आले की सगळे एकेक घास. शेवभाजी पण. नंतर कळलं की कांदा लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट, तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट पण नाही. मला वाटायचं हा सतत भुकेला म्हणजे मीच कमी घालते. मग वाचलं की २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी शोधलं, लॅबमध्ये एका जीनमध्ये बिघाड असतो, साधारण चारातल्या एकात, त्यांना पोट भरलं हे कळतच नाही. म्हणजे घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं पाहिजे की डोळ्यांत बघून विरघळायचं नाही. आमच्या सासऱ्यांना हे समजावणं लॅबला समजावण्यापेक्षा अवघड आहे.

आणि केस. वरणात केस, बट्टीवर केस. पूजेच्या ताम्हनात केस. तुमच्या सासूबाईंना विचारलंय का?

वरणबट्टी_जळगाव
नाही विचारलं 😬

धुळ्याची_माई
अगं मग आधी त्यांना विचार! तुम्ही दोघं ऑफिसला, मुलगी शाळेत, दिवसभर कुत्रं कोण बघणार, त्याच ना. दोन महिन्यांचं पिल्लू दर दोन तासांनी मुततं. त्यांचे गुडघे, पाय घसरला तर?

आणि आखाजीला माहेरी, मेमध्ये लग्नं, कानबाईला गावाकडे, तेव्हा कुत्रं कुठे? रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, मेमध्ये त्या पेटीत कोण ठेवेल.

गुरांचा_डॉक्टर
माईंचं सगळं बरोबर. शिवाय तुमच्या जवळ लहान प्राण्यांचा डॉक्टर कोण आहे, रात्री फोन उचलतो का, हे पिल्लू घ्यायच्या आधी विचारून ठेवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही लोक मुळात गुरांसाठी तयार झालेलो, एक्स-रे सोनोग्राफीला तुम्हाला मोठ्या शहरात जावं लागणार. आणि गोचीड. पावसाळ्यानंतर इथे गोचीड तापाच्या केसेस रांगेत येतात, कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं कधी. गोचीड मारायची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध बारा महिने, त्याचा खर्च धरा.

खर्चाचं म्हणाल तर पिल्लाची किंमत ही सगळ्यात छोटी किंमत. लॅब दहा बारा वर्षं जगतो. तुमची मुलगी सातवीत आहे, ती कॉलेजला पुण्याला जाईल तेव्हा ते कुत्रं अर्ध्या वयाचं असेल आणि तुमचं असेल.

वरणबट्टी_जळगाव
अपडेट देते, बरेच जण मेसेज करून विचारतायत.

इंदूरवाल्याला म्हटलं पिल्लू आईसोबत दाखव, व्हिडिओ कॉल कर. म्हणे आई शेतावर आहे. म्हटलं शेतावरून कर. म्हणे नेटवर्क नाही. मग ब्रीडरचा नोंदणी नंबर विचारला तर "मॅडम आपको डॉग लेना है या केस करना है" आणि ब्लॉक.

सासूबाईंना विचारलं. मला वाटलं नाहीच म्हणतील. त्या म्हणाल्या त्यांच्या माहेरी एरंडोलला धाब्याच्या घरात कायम दोन कुत्री असायची, पण ती ओट्यावर, घरात नाही, आणि तुम्ही मला विचारायला आलात तेव्हा आधी ठरवून आलात की विचारायला आलात. मी गप्प. मग म्हणाल्या आत्ता उन्हाळ्यात नको, पिल्लाचे पण हाल आणि माझे पण, पाऊस पडू दे. आणि मोठं नको, जिन्यावर ओढलं तर मी पडेन.

म्हणून आता जूनपर्यंत थांबतोय. मुलीला काम दिलंय, रोज पहाटे साडेपाचला उठून खालच्या कॉलनीतल्या काकांचा पामेरियन फिरवून आणायचा, दोन महिने, एक दिवस न चुकवता. आज नववा दिवस. काल उठली नाही, काकांनी बेल वाजवली.

हेवीबोन_केनेल
तो पामेरियन नसणार ताई, आपल्याकडे ज्याला पामेरियन म्हणतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतं 😄 पण छोटं, इथल्या हवेत चालतं, तुमच्या जिन्याला ठीक. केस मात्र आहेत.

वरणबट्टी_जळगाव
काकांना सांगू का हे? त्यांनी पामेरियन म्हणून घेतलाय, अकरा वर्षं झाली.

तापीकाठचा
नका सांगू. अकरा वरीस तो पामेरियन व्हता, आते कसाले मोडतस.